प्रतिकारशक्ती वाढवायची की आवरायची?

२०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत घरोघरी काढ्यांचा जो सुकाळ झाला होता, तो वाचकांना आठवत असेल. आमच्या सोसायटीतल्या एक शेजारीणबाई रोज सकाळी झाकण लावलेला स्टीलचा डबा दारात आणून ठेवत. गुळवेल, सुंठ, मिरे, दालचिनी असा सगळा जामानिमा त्यात असे. "तुमच्या भावांना आठवणीनं द्या हो, त्यांची इम्युनिटी फारच कमी दिसतेय," असे त्या तोंडावरच्या मास्कमधून सांगत. भाऊ म्हणजे माझे थोरले बंधू, अण्णा. मार्चमध्ये रक्ताच्या तपासणीसाठी गावाहून पुण्याला आले आणि टाळेबंदीत आमच्याकडे अडकले. काळवंडलेला चेहरा, कपाळावर जाड झालेली, सुरकुतलेली कातडी, भुवयांचे केस विरळ. पाहणाऱ्याला वाटणारच की हा मनुष्य आतून खंगला आहे.

प्रत्यक्षात अण्णा तेव्हा डॉक्टरांच्या देखरेखीखाली एक गोळी घेत होते, आणि ती गोळी प्रतिकारशक्ती वाढवणारी नसून दाबणारी होती. हे त्या बाईंना सांगितले तेव्हा त्यांचा विश्वास बसेना. जगात सगळे जण प्रतिकारशक्ती वाढवायच्या मागे लागलेले असताना कोणता डॉक्टर ती कमी करील? माझी चेष्टा चालली आहे असे वाटून त्यांनी दोन दिवस डबा पाठवला नाही. तिसऱ्या दिवशी पाठवला. त्यात हळद जास्त होती.

आपल्याकडे प्रतिकारशक्तीचा हिशेब पगारासारखा केला जातो. जितकी जास्त तितकी बरी, आणि कुणालाही विचारा, ती पुरेशी कधीच नसते. ही समजूत किती महागात पडते ते मी घरात पाहिले आहे. मी डॉक्टर नाही. तेहेतीस वर्षे बँकेत नोकरी केली, उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. पण एकाच रोगामागे वीस-बावीस वर्षे रुग्णाचा भाऊ म्हणून हिंडलेल्या माणसाच्या पदरात थोडेफार ज्ञान पडतेच. शिवाय या प्रकरणात माझ्याकडून घडलेली एक गोष्टही सांगायची राहून गेली आहे.

आमचे गाव सोलापूर जिल्ह्यात, कालव्याच्या पाण्यावरचे. अण्णा शेती पाहत, मी नोकरीनिमित्त बदल्यांवर. २००१ च्या पावसाळ्यात अण्णांच्या मानेला, पापण्यांना आणि कोपरांच्या लवणात लाली आली, खाज सुटली. ते तेव्हा एकावन्न वर्षांचे होते. अंगातली उष्णता बाहेर पडतेय, असे निदान गावाने केले. कुणी कडुनिंबाच्या पाण्याने आंघोळ सुचवली, कुणी रक्तशुद्धीचे चूर्ण. तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांनी बारीक पांढऱ्या गोळ्या पुडीत बांधून दिल्या. चार दिवसांत चेहरा लख्ख! अण्णांना देव भेटल्यासारखे झाले. गोळ्या संपल्या तशी खाज दुपटीने परतली. मग पुन्हा पुडी. असे दोन वर्षे चालले. पुडीत स्टेरॉइड होते, हे आम्हाला फार उशिरा कळले. तोवर चेहऱ्यावर सूज आली होती आणि रक्तातली साखर चढली होती.

दरम्यान रोगाने रूप बदलले. आधी पावसाळ्यापुरते असलेले दुखणे बारमाही झाले. मग ऊन सोसेना. बांधावर दहा मिनिटे उभे राहिले की संध्याकाळी कपाळ, कान, मानेची मागची बाजू, हातांची पाठ पेटल्यासारखी होई, आणि दुसऱ्या दिवशी ओल सुटे. कातडी जाड होत गेली, कानाच्या पाळ्या सुजल्या, चेहरा ओळखू येईनासा झाला. असा चेहरा खेड्यात दिसला की एकच शब्द कुजबुजला जातो. न्हाव्याने "वस्तरा पाजळायला टाकलाय" असे तीनदा सांगितले. चुलत पुतणीच्या लग्नात अण्णांचे पान मांडवाच्या कडेला, एकट्याचे मांडले गेले. ज्या महाराष्ट्रात आनंदवन उभे राहिले आणि महारोग औषधाने पूर्ण बरा होतो हे शाळेत शिकवले जाते, त्या महाराष्ट्रातली ही एकविसाव्या शतकातली गोष्ट आहे. तो महारोग नव्हता हा भाग वेगळा. असता तरी पान वेगळे मांडायचे काय कारण होते?

अण्णा दिवसाचे माजघरात बसू लागले. शेतीच्या पंपांना आठवड्यातले काही दिवस रात्री वीज मिळते आणि त्यापायी शेतकरी सरकारच्या नावाने बोटे मोडतात. आमच्या शिवारात त्या रात्रीच्या विजेची वाट पाहणारा एकच शेतकरी होता. बाराला वीज आली की अण्णा बॅटरी घेऊन निघायचे आणि उजाडायच्या आत घरी. वहिनी म्हणायच्या, "घुबडाचा संसार झालाय आमचा."

आता माझी गोष्ट. २००३ च्या दिवाळीत अण्णा आमच्याकडे चार दिवस राहायला आले. मी शिकलेला मनुष्य, शाखेचा मॅनेजर, दोन कादंबऱ्या नावावर. न्हाणीघरात त्यांच्यासाठी एक निळा टॉवेल वेगळ्या खिळ्याला अडकवलेला होता. तो माझ्या बायकोने ठेवला नव्हता, मी ठेवला होता. घरात मुले लहान होती, असे मी स्वतःला सांगितले. अण्णांनी काही विचारले नाही. जायच्या दिवशी तो टॉवेल त्यांनी स्वतः साबणाने धुतला, पिळला आणि गॅलरीत वाळत घातला. गॅलरीत ऊन होते. दुसऱ्या दिवशी फोनवर वहिनींनी सांगितले की घरी पोचेपर्यंत हात सुजले होते.

योग्य निदान २००४ मध्ये पुण्याच्या एका सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात झाले. तरुण डॉक्टरीणबाईंनी अण्णांना खिडकीजवळच्या उजेडात उभे केले. कानाची पाळी पुढे वाकवून मागे पाहिले. हनुवटी वर करायला लावली. मनगटावरचे घड्याळ काढायला सांगितले. कानामागची कातडी साफ, हनुवटीखालची साफ, घड्याळाच्या पट्ट्याखालची साफ. "काका, जिथं ऊन पोचत नाही तिथं रोग नाही," त्या म्हणाल्या. मग डागांवर कापसाचा बोळा फिरवून स्पर्श कळतो का ते पाहिले. महारोगाच्या चट्ट्यात बधिरपणा असतो. अण्णांना तर वाराही झोंबत होता. नंतर विचारले, "शेताच्या बांधावर गाजर गवत आहे का?" अण्णा हसले. बांधावर दुसरे होतेच काय!

पाठीवर पॅच टेस्ट केली. वेगवेगळ्या पदार्थांचे छोटे ठिपके पट्टीने चिकटवून दोन दिवस तसेच ठेवतात आणि मग कातडी काय म्हणते ते पाहतात. गाजर गवताच्या अर्काखाली लालबुंद फोड उठला होता. हा फोड लगेच उठत नाही, दोन-तीन दिवसांनी उठतो, आणि सगळी मेख या उशिरात आहे. बाईंनी त्या दिवशी कागदावर आकृती काढून जे समजावले आणि पुढे मी वाचून त्यात जी भर घातली, ते थोडक्यात असे.

गाजर गवतात पार्थेनिन नावाचे एक रसायन असते. पानाखोडावरच्या बारीक लवीत ते असते, आणि गवत वाळले की धुळीबरोबर हवेत उडते. त्याचा रेणू इतका लहान की एरवी शरीराच्या पहारेकऱ्यांनी त्याची दखलही घेतली नसती. पण तो कातडीतल्या आपल्याच प्रथिनांना जाऊन चिकटतो, आणि ही जोडगोळी परकी दिसू लागते. कातडीत गस्त घालणाऱ्या लँगरहॅन्स पेशी ती उचलतात. (पॉल लँगरहॅन्स या जर्मन विद्यार्थ्याला त्या १८६८ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या. तो बापडा त्यांना मज्जापेशी समजला होता.) या पेशी आपला ऐवज घेऊन जवळच्या लसिकाग्रंथीत जातात आणि तिथल्या टी पेशींना दाखवतात. त्यांतल्या काही टी पेशी तो चेहरा कायमचा लक्षात ठेवतात.

बँकेत खातेदाराच्या सहीचा नमुना कार्डावर घेऊन ठेवत, तसेच हे. एकदा कार्ड तयार झाले की ते फायलीतून निघत नाही. पुढच्या वेळी पार्थेनिन कातडीवर आले की या पेशी त्या जागी गोळा होतात, रासायनिक संदेश सोडतात, आणखी पेशींना बोलावतात. गोळा व्हायला एक-दोन दिवस लागतात, म्हणून फोड उशिरा. या उशिरामुळेच रुग्णाला कारण सापडत नाही. सोमवारी बांध साफ केला आणि बुधवारी चेहरा सुजला, तर मनुष्य मंगळवारी खाल्लेल्या वांग्याला दोष देतो. अण्णांनी वांगी, शेंगदाणे, दही अशा सात-आठ गोष्टी सोडल्या होत्या. गवत मात्र दोन्ही हातांनी उपटत होते.

यात बाहेरचा जंतू कुठेही नाही, तेव्हा एकाचे दुसऱ्याला लागण्याचा प्रश्नच येत नाही. रक्त अशुद्ध नाही. प्रतिकारशक्ती दुबळी तर मुळीच नाही. ती नको तितकी तत्पर आहे, आणि तिने वैरी चुकीचा निवडला आहे.

मग ऊन कुठून आले? गाजर गवताच्या काही रुग्णांत, विशेषतः पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषांत, वर्षानुवर्षांच्या दाहानंतर कातडी उन्हालाच प्रतिक्रिया देऊ लागते. गवत जवळ नसले तरी. अण्णांना आमच्या चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत त्रास झाला तो असा. या अवस्थेला 'क्रॉनिक ॲक्टिनिक डर्मटायटिस' म्हणतात. हे नाव हॉक आणि मॅग्नस या ब्रिटिश डॉक्टरांनी १९७९ मध्ये सुचवले. त्याच सुमारास स्कॉटलंडमध्ये डंडी इथे फ्रेन-बेल आणि जॉन्सन यांना असे दिसले होते की उन्हाने त्रस्त झालेल्या अशा अनेक रुग्णांना शेवंतीच्या कुळातल्या वनस्पतींचीही ॲलर्जी आहे. गाजर गवत त्याच कुळातले. बागेत राबणारा स्कॉटिश म्हातारा आणि सोलापूरकडचा आमचा भाऊ एकाच रोगाने घरात कोंडले गेले होते!

उन्हाने नेमके काय होते याबद्दल अभ्यासकांचा कौल असा: अतिनील किरणांमुळे कातडीतलाच एखादा आपला रेणू बदलतो आणि टी पेशींना तो परका वाटतो, पार्थेनिनने चिकटलेल्या प्रथिनासारखाच. निरोगी माणसात ऊन प्रतिकारयंत्रणेला थोडे गप्पही करते. उन्हाने पोळलेल्या आपल्याच पेशींवर तिने तुटून पडू नये, यासाठी ती सोय असावी असे मानतात. ज्यांची कातडी आधीच ॲलर्जीने खवळलेली आहे, त्यांच्यात हे गप्प करणे बहुधा पुरे पडत नाही. आणि अतिनील किरणांचा 'ए' हा प्रकार काचेतूनही आत येतो. अण्णा एसटीत बंद खिडकीशी बसून सुरक्षित आहोत असे समजत, ते चूक होते. आता ते गाडी कोणत्या दिशेला जाणार ते विचारून सावलीच्या बाजूचे बाक धरतात.

उपचार तीन पदरी. गवतापासून दूर राहणे, ऊन टाळणे आणि प्रतिकारयंत्रणेला आवर घालणारी औषधे. यातली ॲझाथायोप्रिन ही मूळची मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांना दिली जाणारी गोळी. शरीराने परके मूत्रपिंड नाकारू नये म्हणून. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी गाजर गवताच्या रुग्णांत ती आणि स्टेरॉइडची गोळी यांची तुलना करून २००८ मध्ये निष्कर्ष छापले. आराम दोन्हींनी जवळपास सारखाच, पण स्टेरॉइडच्या गटात दुष्परिणाम जास्त आणि रोग उलटण्याचे प्रमाणही जास्त. ॲझाथायोप्रिनही निरुपद्रवी नाही. रक्तातल्या पेशी आणि यकृत वेळोवेळी तपासावे लागते. शिवाय तिचा गुण यायला काही आठवडे जातात. बहुतेक रुग्ण इथेच कच खातात. चार दिवसांत चेहरा लख्ख करणारी पुडी ज्याने चाखली आहे, त्याला सहा आठवडे थांब म्हणणे सोपे नाही. स्टेरॉइड हे वाईट औषध नाही. योग्य वेळी, योग्य मात्रेत त्याने प्राण वाचतात. पण ते बिननावाच्या पुडीत बांधून देणे हा माझ्या मते गुन्हा आहे, आणि दुकानात चिठ्ठीवाचून मागितले की मिळणे हा त्यातला दुसरा भागीदार.

आता या गवताविषयी. ते मूळचे मेक्सिको आणि आसपासच्या अमेरिकेतले. पुण्यात ते आढळल्याची नोंद आर. एस. राव यांनी १९५६ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात केली. ते 'पीएल-४८०'च्या गव्हातून आले, असे आपण सगळेच सांगतो. मला तारखा ताडून पाहायची जुनी खोड आहे. भारताचा पीएल-४८० चा पहिला करार ऑगस्ट १९५६ मधला, आणि गवत पुण्यात १९५५ मध्येच दिसले होते. तेव्हा गहूच आरोपी असेल तर तो १९५१ च्या कर्जाऊ अमेरिकन गव्हापैकी असावा. असो. कोणत्याही खात्यावर टाकले तरी थकबाकी आपल्याच अंगावर आहे. पुण्यात या गवताने माणसांची कातडी बिघडते हे डॉ. लोणकर, मिशेल आणि कॅलनन यांनी १९७४ मध्ये सविस्तर मांडले. म्हणजे अण्णांच्या मानेला पहिली खाज सुटली तेव्हा हे ज्ञान सत्तावीस वर्षांचे होते, आणि ज्या पुण्यात ते जन्मले तिथून आमच्या तालुक्यापर्यंत पोचले नव्हते.

गवताच्या एका झाडाला पंधरा ते पंचवीस हजार बिया धरतात. १९८४ मध्ये त्यावर सोडलेले मेक्सिकोचे भुंगेरे पावसाळ्यात पाने फस्त करतात खरे, पण पावसाळा सरल्यावर जमिनीत दडी मारतात. बांधावर टाकळा पेरला तर तो गवताला दाबतो, असाही अनुभव आहे. दर वर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा जनजागृतीचा सप्ताह जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाच्या पुढाकाराने देशभर पाळला जातो. हेतू उत्तम. पण आपल्याकडे तो कसा साजरा होतो? शाळेची मुले रांगेत आणली जातात. अर्ध्या बाह्यांचे गणवेश, उघडे हात, आणि ऑगस्टमध्ये गवत फुलावर आलेले. मुले ते उपटतात, ढीग करतात, ढिगामागे उभी राहतात, फोटो निघतो.

फायलीतले कार्ड असे तयार होते. पहिल्याच स्पर्शात प्रत्येकाला ॲलर्जी होते असे नाही, बहुतेकांना कधीच होत नाही. पण कुणाला होईल हे आधी ओळखता येत नाही, आणि एकदा झाली की ती मिटवता येत नाही. म्हणून उघड्या हातांनी मुलांकडून हे काम करून घेण्यास माझा सक्त विरोध आहे. ज्या शिक्षकांना हे सांगितले त्यांतले एक म्हणाले, "मातीत खेळल्याशिवाय प्रतिकारशक्ती कशी वाढणार?" पुन्हा तेच! मातीत खुशाल खेळू द्या. ही माती नव्हे. काम मोठ्यांनी करावे, जाड हातमोजे आणि पूर्ण बाह्या घालून, जमीन ओली असताना, आणि फूल येण्यापूर्वी. फुलल्यावर उपटणे म्हणजे बिया पेरत जाणे.

आणि मोकळ्या प्लॉटांचे काय? शहराबाहेर बिगरशेती करून पाडलेले प्लॉट वर्षानुवर्षे पडून असतात. मालक मुंबईत किंवा अमेरिकेत, प्लॉटवर कमरेएवढे गवत. अशा खरेदीसाठी मी स्वतः कर्जे मंजूर केली आहेत. तारण पाहायला जायचो तेव्हा त्याच गवतातून चपलांनी वाट काढत हद्दीचे दगड शोधायचो. सातबारा पाहिला, रस्ता पाहिला, मूल्यांकन पाहिले. गवत दिसले तरी दिसले नाही. प्लॉट फुलापूर्वी साफ ठेवला नाही तर खर्च आणि दंड मालकाच्या घरपट्टीत चढवावा, असा ठराव नगरपालिकांनी करून तो पाळावा. शेजारच्या झोपडीतल्या माणसाची कातडी त्यावर अवलंबून आहे, आणि त्याला प्रकाशाचा रोग झाला तर माजघरही नसते.

अण्णा आज पंचाहत्तरीत आहेत. रोग गेलेला नाही, आटोक्यात आहे. सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर ते शेतावर जातात, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि डोक्यावरून कानापर्यंत उपरणे. लक्ष्मीपूजनाला शेवंती घरात आणत नाहीत. त्या निळ्या टॉवेलबद्दल मी त्यांच्याशी बोललो ते टाळेबंदीतल्या एका दुपारी, पडदे ओढलेल्या खोलीत. "तुम्हाला तेव्हा कळलं होतं का?" असे विचारले. ते म्हणाले, "तुझ्याकडं खिळा होता वेगळा. आमच्याकडं तर तुझ्या वहिनीला माहेरी जायला सांगत होते लोक." मग म्हणाले, "काढा आण तो बाईंचा. वास बरा येतोय."

मी डॉक्टरांना फोन करून विचारले. त्यांनी नको म्हणून सांगितले.

गेल्या वर्षी आषाढात त्यांचा गावाहून फोन आला. बांधावर गवत हातभर झाले होते, फूल यायचे होते, चार माणसे सांगितली होती. "हातमोजे फाटलेत," ते म्हणाले, "येताना चार जोड घेऊन ये. आणि ह्या खेपेला कोपरापर्यंतचे आण."